उगवलं तर बी

घाटंजीत आता कोनालेबी विचारा, छाती फुगवून सांगन, "अंजू आडे ना? अरे, तिची हुशारी आमी पयल्यापासूनच ओळखली होती." खोटं बोलतात मेले! पयल्यापासून कोनीच ओळखली नोयती. दात काढून हसत होते सारे, आन् मी तिच्या शेजारी शिलाई मशीनवर बसून ते हसनं आयकत होती. मी जमिला. बसस्टँडच्या रोडवर जे दुकान आहे, अर्ध्यात लेडीज टेलरिंग आन् अर्ध्यात अंजूचं कॉम्प्युटरवरचं भरतकाम, त्यातल्या टेलरिंगची मालकीन. तोंडानं फटकळ आहो हे मले माहीत आहे, तवा ते सांगायची तसदी कोनी घेऊ नये.

अंजूचा तांडा गावापासून जवळच. नवरा शाम. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाह्यलं, हा टेम्पोत सरकीची पोती वाहते. मानूस दिलाचा साफ, बायकोवर जीव टाकनारा, पन लाईटबिलाच्या बाबतीत असा चिंगूस का संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच खाली पाडल्याबिगर त्याले झोप लागत नाई. "फुकट मीटर फिरते ना आपा," म्हनते. हे मेन स्विचचं ध्यानात ठेवा.

अंजूची सासू मानीबाई. सारा तांडा तिले याडी म्हनते, म्हंजे माय. मीबी याडीच म्हनते. याडीच्या सुईचा हात काय सांगू! तिच्या काचळीवरचं, म्हंजे तांड्यातल्या बायांच्या आरशांच्या चोळीवरचं भरतकाम पाहून बाजारातल्या बाया भाव करायचं इसरून जात. मी लहानपनापासून कपडा कापून राह्यली, पन तसा टाका माह्या बापजन्मी मले जमला नाई, आन् हे मी कोनाच्या तोंडावर कबूल करत नसते.

मंग आलं बोंडअळीचं साल. आधी फवारनीच्या औषधानं मानसं दवाखान्यात पडली, तवापासून बाया वावरात पाय ठेवायले भेऊ लागल्या. आन् मंग बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. वेचाले कापूसच नाई तं वेचनीले जायचं कायले? आमची चंदाबाई, जी दरसाल तांड्यातल्या बायांची टोळी घेऊन वेचनीले जाय, ती कापूस वेचायची कमरेची ओटी घडी करून घरात बसली. कापसाच्या भरवशावर चालनारं गाव, त्या सालात बाजारात जाऊन पाहावं तं भाजीवालीच भाजीवालीशी बोलून राह्यली.

तवा अंजूनं डोकं चालवलं. पोरगी लग्नाआधी अमरावतीले कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाईन करायचं शिकली होती. ती म्हने, "आपा, याडीची वेल मी कॉम्प्युटरवर उतरवते. मशीन ती कपड्यावर भरन. आन् वरून आरसे, कवड्या, गोंडे आपल्या तांड्यातल्या बाया हातानं लावतीन. वेचनी गेली तं गेली, हात तं गेले नाई ना!"

हात गेले नाई म्हनली, आन् खुदाची करनी पाहा, त्याच हिवाळ्यात याडीचा उजवा हात गेला. लकवा. तोंड सावरलं, पाय सावरला, पन हात लोंबतच राह्यला. ज्या हातानं साऱ्या तांड्याच्या नवऱ्या सजवल्या, त्या हातात सुई धरता येईना. मी तिले पाहाले गेलती तं याडी मले म्हने, "जमिला, मले जेवू घालतात व हे लोक. मी काय लेकरू आहो?" मी बाहेर येऊन रडली. रडली म्हंजे रडली, लपवायचं काय त्यात.

पन अंजूनं तिले घरी बसू देलं नाई. रोज टेम्पोत घालून दुकानात आनायची आन् कॉम्प्युटरपुढं बसवायची. याडीचे जुने कपडे विरून गेलते. डिझाईनचा फोटो घ्यावा म्हनून उघडले तं धागा हातात सुटून आला. मंग याडीनं तोंडानं सांगायचं, डाव्या हाताचं बोट काचेवर फिरवायचं, आन् अंजूनं टाका टाका करून ते कॉम्प्युटरवर मांडायचं. सासू-सुनेचं जे भांडन व्हायचं त्या काचेपुढं! अर्धं गोरबोलीत, म्हंजे तांड्याच्या भाषेत, अर्धं आपल्या बोलीत. मी इकडे हसून हसून काज चुकवायची.

त्यातली सर्वात मोठी होती विहिरीवाली पट्टी. त्यांचे पूर्वज बैल घेऊन ज्या वाटेनं जात, त्या वाटेवरच्या मुक्कामाच्या विहिरी, एकीपुढं एक, किनारीले भरलेल्या. याडीले ती तिच्या सासूनं शिकवलेली. आता साऱ्या तांड्यात ती येनारी एकटी याडी, आन् याडीले हात नाई. म्हंजे ती पट्टी या दुनियेत कुठं होती, तं याडीच्या डोक्यात आन् अंजूच्या कॉम्प्युटरात. तिसरीकडे कुठंच नाई.

आन् त्या पट्टीत याडीनं एक खोड करून ठेवलती. एका विहिरीच्या काठाले एक टाका वाकडा पाह्यजे म्हने.

"काहून पन याडी?" अंजू वैतागली. "हा कॉम्प्युटर आपोआप सरळ करून टाकते त्याले."

"तं त्याले सांग, मानीबाई सांगून राह्यली. सारंच सरळ केलं तं कामाले नजर लागते. आन् वाकड्या टाक्यावरून मले माहं काम ओळखू येते."

ती पट्टी एका बैठकीत होनारी थोडीच होती! पावसाळा सारा गेला तिच्यात. थोडी आज, थोडी उद्या, मधात दुसरी कामं.

आता तुमी म्हनसान, ज्याच्यावर लोक हसले ती हुशारी यात कुठं आली. आली ती त्याच्या आधी, उन्हाळ्यातच, माह्या भाच्यामुळं. अब्रार त्याचं नाव. बाजारगल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो एक दिवस तोंड उतरवून आला. मारेगावच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर त्याच्याकडे आलता. त्यात व्हायरस घुसला आन् साऱ्या फोटोंले कुलूप लागलं. लोकांची लग्नं, बारसे, गेलेल्या मानसांचे फोटो, सारं आत बंद. अब्रारनं लय खटपट केली, काहीच निघालं नाई. स्टुडिओवाला दुकानातच मटकन खाली बसला म्हने.

अंजूनं आपल्या कॉम्प्युटरकडे पाह्यलं, मंग याडीच्या हाताकडे. तिच्या मनात काय आलं ते मले न सांगता समजलं.

"क्लाऊड बॅकअप घ्या काकू," अब्रार म्हने. "म्हंजे तुमच्या कामाची नक्कल इंटरनेटवरून दूरच्या शहरात, कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरांत राह्यते. इथं जळो, चोरी जाओ, व्हायरस येओ, तिथून परत मागवता येते. तीन कंपन्या चांगल्या आहेत. त्यातली ही घ्या, सर्वात सस्ती. जागा अमर्याद!"

"घे मंग," मी म्हनली. माहा भाचा सांगून राह्यला म्हनल्यावर मले अजून काय पाह्यजे? पन अंजू तीनही कंपन्यांची जाहिरात वाचत बसली. वाचली, पुन्हा वाचली. मले राग आला.

"काय व, माह्या भाच्यावर भरवसा नाई का तुहा?"

"आपा, भाच्यावर आहे. पन पाहा ना, जागा किती देतो हे तिघंबी सांगून राह्यले. परत किती देतो हे कोनीच सांगत नाई."

याडी उंबऱ्यात बसली होती. पेरनी जवळ आलती, आन् एका हातानं ती शामच्या सोयाबीनचं बी पाहून राह्यली होती. आमच्याकडे हे सारेच करतात, पन बोगस बियान्यानं पोळल्यापासून जरा जास्तच करतात. पोतं ओलं करायचं, त्यात मूठभर दाने पसरायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं. मंग उघडून पाह्यचं, किती दान्यांले मोड आला. ज्यानं मोड देला तेच वावरात जाईन. बाकीचं बैलापुढं.

याडी वर न पाहताच म्हने, "पाकिटावर तं साऱ्यांचीच बोंडं मोठी असतात व. ओल्या पोत्यात टाक. उगवलं तं बी, नाई तं दाना."

अंजूनं टाळी वाजवली, देवाशपथ! "अब्रार, तीनही कंपन्या थोडे दिवस फुकट वापरू देतात ना? तिघींलेबी लाव."

आन् मंग तिनं जे केलं ते पाहून अब्रारच्या कपाळाले घाम फुटला. तिघींकडे याडीची लहान लहान फुलं, संगं थोडे फोटो न् हिशोब पाठवले. थोडे दिवस मुरू देलं. आन् मंग आपल्या कॉम्प्युटरवरचं ते सारं आपल्याच हातानं पुसून टाकलं!

"काकू, हे काय करून राह्यल्या!"

"पोतं उघडून राह्यली," अंजू म्हने. "आता पाहू कोन मोड देते."

पयली उघडली ती अब्रारची सस्तीवाली. तिच्यात फुलंच नाई! इथं पुसली तशी तिनं तिथंबी पुसून टाकली. अब्रारनं समजावलं, का ही कंपनी इथं जे आहे ते जसंच्या तसं तिथं ठेवते, इथलं गेलं का तिथलंबी जाते, थोडे दिवस कचरापेटीत राह्यते तेवढंच.

"आन् मले महिन्यांनी आठवलं तं? आन् इथं व्हायरसनं कुलूप लावलं, तं तिथंबी कुलूपच जाईन ना?"

"जाईन," अब्रार मान खाजवत म्हने.

"मंग हा आरसा झाला बापा. मी आहो तंवर आरशातलं तोंड आहे. तोंड पाह्यसाठी चांगला, जतन करायसाठी नाई."

 भाचा माहा, तोंड माहं पडलं. पन पोरगं चांगलं, रुसलं नाई. उलट त्यालेच मजा येऊ लागली.

दुसरीनं फोटो परत देले, हिशोब परत देले, पन फुलं नाई देली. शोधलं तं समजलं, तिले फोटो न् कागदपत्रंच समजतात. भरतकामाच्या मशीनची फाईल तिच्या यादीतच नोयती. अंजूनं यादीत टाकली, पुन्हा पेरलं, पुन्हा पुसलं. आता फुलं आली, पन साऱ्या कॉम्प्युटरचं एक गाठोडं बांधून. एक फूल पाह्यजे तरी अख्खं गाठोडं उतरवा. आन् आमच्या घाटंजीचं नेट तुमाले माहीत आहे. अर्ध्यात तुटलं, का कंपनी म्हने पुन्हा पयल्यापासून चालू करा. अंजूनं तीन वेळा केलं, चौथ्यांदा हात जोडले.

तिसरी महाग होती. दिसायलेबी कशीतरीच, ना रंग ना रूप. सारं वर चढवायले तिनं इतके दिवस लावले का मी म्हनलं, ही काय पायी चालून राह्यली का नागपूरले? पन उघडलं तं एक फूल मागितलं, एक आलं. सारी मागितली, सारी आली. नेट तुटलं, तं जुडल्यावर जिथं थांबलती तिथूनच पुढं. मंग अंजूनं एक भल्लीच गोष्ट केली. एका फुलाची जानूनबुजून माती केली, पाकळ्या उलट्यासुलट्या करून तसंच ठेवून देलं, आन् दोन बाजार गेल्यावर कंपनीले म्हने, मले बिघडायच्या आधीचं फूल दे. देलं तिनं! चांगलं, साबूत. अडलं तवा फोन लावला तं हिंदीत बोलनारा जिवंत मानूस निघाला.

अंजूनं याडीपुढं जाऊन सांगतलं, "याडी, तिसऱ्या पोत्यात मोड आला."

"सारे?"

"सारे."

"मंग तेच पेर," याडी म्हने, आन् आपल्या सोयाबीनले लागली.

साऱ्या गावाले ही गोष्ट कळली, आन् मंग काय इचारता! तांड्यातला लालसिंग, स्टँडवर चहाची टपरी चालवते, त्याले तं कामच भेटलं. "काय अंजूवहिनी, आभाळात डिझाईन ठेवली म्हने? बाई, ज्या आभाळानं पाऊस धड देला नाई ते डिझाईन काय देईन!" सारी टपरी हसायची. आन् अंजू दर बाजाराच्या दिवशी एक फूल पुसायची, परत मागवायची, पाहायची, पुढं कामाले लागायची. लालसिंग म्हने, "डोक्यानं सुटली बाई. आपल्याच हातानं आपलं काम पुसते." मी एकदा गरम इस्त्री घेऊनच टपरीवर गेलती. तवापासून तो माह्या देखत हसत नसे.

एक अजून. अंजूनं साऱ्या कामाची एक नक्कल काळ्या डब्बीतबी ठेवलती, ज्याले हार्डडिस्क म्हनतात. ती तांड्यात, घरच्या धान्याच्या कनगीत. कारन याडीचं म्हननं, बी एका घरात ठेवू नये. घर जळलं तं बीबी जळते. म्हंजे एक दुकानात, एक तांड्यात, एक दूर शहरात. एवढी पक्की व्यवस्था. आन् ती पक्की व्यवस्था मोडली कोनी? देवानं नाई, चोरानं नाई. आमच्या शामनं, भक्तिभावानं.

नागपूरच्या एका मोठ्या दुकानानं नमुने पाहून दिवाळीची ऑर्डर देलती. मेन माल म्हंजे विहिरीवाली पट्टी. वेळेत माल आला नाई तं ऑर्डर दुसऱ्याले देऊ, असं साफ सांगतलं होतं. चंदाबाईच्या टोळीनं आरसे घासून, कवड्या धुवून तयार ठेवलते. त्या साली पाऊसबी दगा देऊन गेलता, वावरात काहीच नोयतं. ज्या घरात ते काम जाईन त्याच घरात दिवाळी, हे साऱ्यांले माहीत होतं. आन् पट्टी पुरी झाली ती बरोबर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी, वाकड्या टाक्यासकट.

खंडेनवमीले आपल्याकडे अवजारांची पूजा. ज्यानं पोट भरते ते सारं एका जागी मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. माही कैची मीबी दरसाल देते. अल्ला एक आहे, आन् कैचीनं माहं पोट भरते हेबी खरं आहे. अंजू याडीले आनाले तांड्यात गेलती. शामनं इकडे हौसेनं मांडामांड केली. कॉम्प्युटर, त्याच्यापुढं टेम्पोची चाबी, माही कैची, डिझाईन मशीनमधे न्यायची पेनड्राईव्ह. आन् मंग त्यानं खिशातून काळी डब्बी काढली.

"ही कायले आनली बे?" मी इचारलं.

"वा आपा! ती एकटी कनगीत काहून राहीन? पूजेतून कोनी सुटलं नाई पाह्यजे." त्यानं डब्बी जोडली, पेनड्राईव्ह जोडली, सारं चालू केलं. बंद अवजाराची पूजा लागत नाई म्हने. काचेवर लक्ष्मीचा फोटो लावला. दिसत होतं सुंदर, खोटं कायले बोलू. आन् मंग त्यानं नारळ घेतला, टेबलाच्या कोपऱ्यावर धाड करून फोडला, आन् सारं पानी खाली, वायरीच्या बोर्डात!

फाडकन आवाज झाला. जाळ, धूर, जळकट वास. मी ओरडली, "मेन पाड, बह्याडा, मेन पाड!" शामनं मेन पाडला. त्याच्या जिंदगीत पयल्यांदा तो योग्य वेळी पाडला. भरतकामाची मशीन वेगळ्या बोर्डावर होती, ती वाचली. पन कॉम्प्युटर मेला, डब्बी मेली, पेनड्राईव्ह मेली. दुकानातलं न् तांड्यातलं सारं बी आमी एका टेबलावर आनून, कुंकू लावून, आपल्या हातानं जाळलं.

तेवढ्यात अंजू याडीले धरून उंबऱ्यात. धूर पाह्यला, शामचं तोंड पाह्यलं, आन् तिले सारं समजलं. याडीनं फक्त एवढंच इचारलं, "माह्या विहिरी?"

शाम लेकरावानी रडाले लागला. "मी मारल्या याडी. मी मारल्या."

"नाई मारल्या," अंजू म्हने. आवाज बारीक झालता, पन फुटला नोयता. "पोत्यात आहेत. चला अब्रारकडे."

निघालो आमी वरातीवानी. पुढं अंजू, मंग याडीले धरून मी, मांगं रडका शाम, आन् खबर लागली तसी चंदाबाई न् तिच्या बाया. टपरीवरून लालसिंगबी मांगं मांगं आला. अब्रारनं आपला चांगला कॉम्प्युटर मोकळा करून देला आन् हळूच इचारलं, "काकू, विहिरीची पट्टी कालच झाली ना? कंपनी नक्कल घेते ती रात्री. काल रात्री कॉम्प्युटर चालू होता का?"

आमी साऱ्यांनी शामकडे पाह्यलं. तो भिंतीले टेकला. "मी तं रोज मेन पाडतो ना," म्हने. चंदाबाईनं पदर तोंडाले लावला.  पावसाळाभराची मेहनत, याडीचं ते बोट काचेवर फिरनं, सारं त्या मेन स्विचखाली गेलं असं मले वाटलं. तौबा, तवा शाम माह्या हाताशी असता तं मी काय केलं असतं, सांगता येत नाई.

अंजू वळून म्हने, "तुमाले मी आज ओळखून राह्यली का? लग्नाले किती वर्षं झाले! तुमी मेन पाडता हे मले माहीत नाई? नक्कल घ्यायची वेळ मी पयल्याच दिवशी बदललती. तुमी सारे दुपारी जेवता ना, तवा जाते."

"पन काल दुपारी लाईट होती का?" अब्रार म्हने.

आता हे कोनाले आठवन? आमच्याकडे लाईट पाहुनी आहे, आली आली, गेली गेली.  आन् मले आठवलं! "होती! काल जेवनाच्या टायमाले विमलताई आपला ब्लाऊज न्यायले आलती, आन् मी बोलन्याच्या नादात त्याच्या बाहीले इस्त्री चिकटवली! होती लाईट!" जळलेल्या ब्लाऊजची एवढी खुशी मले कधी झाली नोयती.

अंजूनं कंपनीचं पान उघडलं, आपला पासवर्ड टाकला, आन् सारं मागितलं. पयलं फूल आलं. दुसरं आलं. मंग कवडीची वेल, मोर, गोंड्याची चौकट. एकेक नाव काचेवर येत गेलं, आन् अंजू ते मोठ्यानं वाचत गेली, आन् दारातल्या बाया "आलं, आलं" म्हनत गेल्या. मधातच नेट तुटलं.  लालसिंगबी चूप, हे लिहून ठेवायची गोष्ट आहे. नेट जुडलं, आन् आमची ती महागडी, काळीसावळी तिसरी कंपनी जिथं थांबलती तिथूनच चालाले लागली. मी तवा तिले मनातल्या मनात सलाम केला.

शेवटी एकच नाव राह्यलं. तेबी आलं. अंजूनं दोन्ही हात तोंडावर धरले. मंग तिनं फाईल उघडली, आन् काचभर विहिरी दिसाले लागल्या, एकीपुढं एक.

काय आरोळी उठली म्हनून सांगू! चंदाबाईनं टाळ्या वाजवत गानंच धरलं, बाया बाजारगल्लीत फेर धरून नाचल्या, शाम हसत होता का रडत होता त्यालेच ठाऊक. अब्रार टेबलावर हात आपटून "वा काकू, वा काकू" करून राह्यला. आन् लालसिंग? त्यानं साऱ्यांले चहा पाजला, फुकट! मी कप हातात घेऊन त्याले म्हनलं, "काय गा, देलं का आभाळानं?" तो म्हने, "देलं आपा, देलं. आता तरी इस्त्री खाली ठेव."

ऑर्डर दिवाळीच्या आधी नागपूरले गेली. त्या साली तांड्यात ज्या घरात कापूस नोयता, त्या घरात करंजी तळली गेली. मारेगावचा तो स्टुडिओवाला अंजूकडे येऊन शिकून गेला, का कंपनी निवडताना आधी पुसून पाह्यचं. आता तं वनीपासून, राजूरपासून लोक येतात इचाराले, कोनती घेऊ म्हनून. अंजू नाव सांगत नाई, पोत्यात टाका म्हनते. पन जीत म्हनसान तं ती मी त्याच दिवशी पाह्यली, दुपार कलताना, दुकानात.

नवी पेनड्राईव्ह आनली, मशीनले लावली. मशीन खडखड करत चालाले लागली. लाल कपडा खाली सरकत गेला, एक विहीर, दुसरी विहीर. याडी मशीनच्या बाजूले बसलती. तिनं काचेवर काय आलं ते पाह्यलंच नोयतं, अब्रारच्या दुकानातबी ती डोळे मिटून बसली होती. नाचली नाई, हसली नाई. कपडा निघाला तसा अंजूनं तिच्या मांडीवर ठेवला.

याडीनं डोळे मिटूनच डाव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवलं. एकेका विहिरीवरून हळूहळू फिरवत नेलं. आमी सारे पाहून राह्यलो. एका विहिरीच्या काठावर बोट थांबलं. मांगं आलं, पुन्हा पुढं गेलं. तिथं तो टाका होता, तिचा, वाकडा.

याडीनं डोळे उघडले आन् सुनेकडे पाह्यलं.

"उगवलं व अंजू," म्हने.